शैलाच्या मांडवाची मेढ

मार्था,

आज तुझ्या दारातला मांडव उतरवला. सातव्या दिवसाचा मिस्सा झाला, माणसं चहा पिऊन पांगली, आणि तुझ्या भावाच्या मुलाने दोऱ्या सोडायला घेतल्या. मी आपल्या मेंदीच्या कुंपणाशी उभी राहून बघत होते. लोखंडी पाइप, वर निळी ताडपत्री, सगळं भाड्याचं. टेम्पो आला, दोन माणसांनी सामान भरलं, गेलंसुद्धा. नंदाखालमध्ये हल्ली मांडव असाच येतो नि जातो, आळीतल्या कुणाचा हात त्याला लागत नाही. तू असतीस तर नाक मुरडून म्हणाली असतीस, "ह्याला मांडव म्हणतात होय? ही तर छत्री."

सात दिवसांत मला नीटसं रडू आलेलं नाही. येणारी-जाणारी माणसं माझ्याकडे बघतात, कारण आपलं मेतकूट सगळ्या गावाला माहीत. त्यांना वाटतं, सुमन धक्क्यात आहे. धक्का कसला? दोन महिने तू अंथरुणाला खिळून होतीस, मी रोज पाहत होते. मी दमले आहे, इतकंच. तुझ्या जाण्याने दमले, आणि त्याहून जास्त तू ज्या कामाला मला जुंपलंस त्याने दमले. हे मी तुझ्या तोंडावर कितीतरी वेळा बोलले आहे, तेव्हा तू गेल्यावर ते गोड करून लिहायचं काही कारण नाही.

तुला आठवतं का, सुरुवात किती साधी झाली होती? तू विरारच्या बाजारात भाजी घेऊन बसायचीस. संध्याकाळी उरलेली वांगी, उरलेला वाल तू परत आणत नसायचीस. स्टेशनापलीकडे इमारतींची कामं निघाली होती, तिथल्या बिगाऱ्यांच्या बायकांना देऊन यायचीस. एका रविवारी चर्चमधला मिस्सा सुटल्यावर देवळातल्या साडीवरच कुंपणाशी आलीस नि म्हणालीस, "सुमन, तुमच्या आळीचा लग्नातला मोठा टोप कुणाकडे आहे?" टोप आमच्याच माळ्यावर होता. "काय करायचाय?" म्हटलं. "पेज करायचीय," म्हणालीस. "कच्ची वांगी किती दिवस देत बसू? त्यांच्याकडे चूल कुठे आहे?"

त्या दिवसापासून दर रविवारी पेज. देवळातून आलेल्या तुझ्या चारदोन मैत्रिणी, आमच्या आळीतल्या दोघी-तिघी. कुणी तांदूळ आणी, कुणी नारळ, कुणी वाडीतली केळी. मी आपली टोप माझा म्हणून सोबत यायचे, टोपाला पोचा आणतील ही भीती. तुझ्या भावाच्या बैलगाडीत टोप ठेवून रेल्वेचं फाटक ओलांडून आपण फुलपाड्याच्या बाजूला जायचो. पहिल्यांदा केळफुलाची भाजी नेली तेव्हा ताराने ती हातात धरून कितीतरी वेळ पाहिली होती. तारा म्हणजे मराठवाड्यातून आलेली, कडेवर तान्ही पोर, नवरा गवंड्याच्या हाताखाली. ती म्हणाली, "माय, ह्ये फूल खात्यात? आमच्याकडं फूल द्येवाला वाहत्यात." तू हसून लोळायची बाकी राहिली होतीस. म्हणालीस, "देवाला वाहूनच आणलंय, खा."

तेव्हा मला वाटलं होतं, चार रविवार जाऊ, मग ह्यांचं काहीतरी होईल. काहीतरी म्हणजे काय, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग आमच्या शैलाचं लग्न आलं. वैशाखातलं. मांडव कसा झाला होता ते तूच नंतर चारचौघांत सांगायचीस, कारण माडाचे झाप विणायला तू सगळ्यांच्या आधी बसली होतीस. आमच्या विहिरीकडेच्या भेंडीच्या झाडाची एक सरळ फांदी ह्यांनी मेढीसाठी राखून ठेवली होती. मुहूर्तावर ती पुरली, आंब्याचा टाळा बांधला, पिवळं फडकं बांधलं, हळदीची बोटं ओढली. मग आळीतल्या प्रत्येक घरातून वासे आले, बांबू आले, आणि दुपारपर्यंत अंगणभर गार सावली झाली. तू त्या सावलीत उभी राहून वर बघत होतीस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

लग्न झालं, शैला केळव्याला सासरी गेली. आमच्यात लेक पहिल्यांदा परत माहेरी आल्यावरच मांडव उतरवतात, तोवर तो हलवायचा नाही. तेव्हा मांडव रिकामा उभा होता. त्याच आठवड्यात ताराच्या लोकांची इमारत पुरी झाली. ठेकेदाराने त्यांच्या पत्र्याच्या शेड काढून नेल्या, कारण त्या त्याच्या होत्या. माणसं स्टेशनाच्या भिंतीशी येऊन बसली. तुला ते रविवारी पेज वाढताना कळलं. त्या दिवशी मला लग्नाच्या शिणवट्याने ताप होता, मी आले नव्हते. तू टोप घेऊन गेलीस आणि माणसं घेऊन आलीस.

मी ओटीवर पडले होते. बैलगाडीचा आवाज आला, पाठोपाठ पोरांचा. बाहेर येऊन बघते तर माझ्या अंगणात, माझ्या लेकीच्या मांडवाखाली, बोचकी उतरताहेत. ताराने आल्याआल्या जागा हेरली, आणि मेढीला नि शेजारच्या वाशाला साडी बांधून पोरीची झोळी केली. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मांडवाखाली आलेल्याला आधी पान वाढायचं, मग गाव विचारायचं. हे तुमच्याच घरात मी शिकले."

तू मला विचारलं नव्हतंस, मार्था. इतकंच माझं म्हणणं होतं, आणि आजही तेवढंच आहे. विचारलं असतंस तर मी कदाचित हो म्हटलं असतं. तू म्हणायचीस, "कदाचित म्हटलीस ना? म्हणूनच विचारलं नाही."

हे विहिरीचा रहाट एक वेळ जास्त फिरवायला लागले, झालं. आळी मात्र कुजबुजली, आणि कुजबूज केळव्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. विहीणबाईंनी कुणाकरवी तरी निरोप धाडला, अगदी मऊ शब्दांत: मांडव मोकळा झाला म्हणजे सुनेला पाठवू, गर्दीत तिची गैरसोय नको.

मग जे सुरू झालं त्याला हसावं की रडावं मला कळेना. माणसं गेल्याशिवाय शैला येणार नव्हती. शैला आल्याशिवाय मांडव उतरवता येत नव्हता. माणसांना जायला जागा नव्हती. आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. आणि लग्न झालेली माझी लेक, पहिल्यांदाच घराबाहेर राहिलेली, तिकडे आईची वाट बघत होती. मी रात्रंदिवस तिचाच विचार करत असे. तू मात्र झापातून ऊन कुठे येतं ते बघत फिरायचीस.

एक दिवस मी तुला कुंपणाशी गाठून सांगितलं, "उद्या ह्यांना हलव, नाहीतर मी मांडव सोडते."

"लेक आली नाही नि मांडव सोडतेस?" तू म्हणालीस. "तुमच्यात अशुभ असतं ना ते?"

"तू कधीपासून आमचं शुभ-अशुभ पाळायला लागलीस?"

"आपली वाडी लागून आहे, बाय. तुझं अशुभ माझ्याकडे यायला कितीसा वेळ लागतो?"

असं तुझं बोलणं. रागही यायचा आणि हसूही.

पण तू गप्प बसली नव्हतीस, हे मी कबूल करते. तुझ्याकडून रोज भाजी घेणाऱ्या एका म्हाताऱ्याची फुलपाड्याला डोंगराच्या उतारावर पडीक जमीन होती. त्याला लागेल तोवर राहा म्हणाला. जागा मिळाली, पण वर घालायला छप्पर नव्हतं नि बांधायला हात नव्हते. ताराचा नवरा आणि बाकीचे पुरुष कामाच्या शोधात उन्हातान्हात फिरत, आणि झोपडीला लागणारे वासे काही आकाशातून पडत नाहीत. तू तुमच्या देवळातल्या लोकांना विचारलंस, आमच्या आळीत विचारलंस. सगळे म्हणाले, पेज देतो ते ठीक आहे बाई, पण आता घरंही आम्हीच बांधून द्यायची का? मला त्यांचं चूक वाटलं नाही. शिंपणं होतं, केळी लावायची होती, लोकांना आपापली कामं होती.

मग तू केळव्याला गेलीस. मला न सांगता, पाटीत सुकेळी घेऊन, नवी साडी नेसून. संध्याकाळी परत आलीस ती शैलाला घेऊनच. जावई मागून पिशवी सांभाळत येत होते.

तू तिथे काय बोललीस ते तू मला कधी सांगितलं नाहीस. शैलाने सांगितलं. म्हणे तू ओटीवर बसून विहीणबाईंना म्हणालीस, "मांडव तुमच्या सुनेसाठी अडलाय. पाऊस आला नि तो उभ्याउभ्या भिजला तर गाव काय म्हणेल? केळव्याच्या घराला नव्या सुनेला चार दिवस धाडायला सवड झाली नाही, असंच ना?" विहीणबाईंनी तिथल्या तिथे शैलाला केस विंचरायला सांगितले. मार्था, लबाडीत तुझा हात कुणी धरला नसता.

मी शैलाच्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ती आत न येता मांडवात थांबली. झोळीतली पोर रडत होती. शैलाने जाताजाता झोळीला झोका दिला नि ताराच्या शेजारी बसली. त्या रात्री सगळ्यांची पानं एकत्रच मांडली, वाल आणि भात. जावईही बसले. मला त्या रात्री तुझा राग आला नाही. एवढी झोप मला लग्न ठरल्यापासून लागली नव्हती.

सकाळी उठले तर तू मांडवाच्या वाशाशी उभी होतीस. "लेक आली," म्हणालीस, "आता रीत करायला हवी." मीच गांगरले. म्हटलं, "अगं, ह्या लोकांचं काय?" तू आळीत निरोप धाडून मोकळी झाली होतीस. आणि आळी आली, मार्था. झोपड्या बांधायला नाही म्हणणारे सगळे आले, कारण मांडव ज्याने बांधला त्याने तो उतरवायला यायचं, ह्याला कुणी नाही म्हणत नाही. ज्याने उतरवला त्याने सामान जागेवर पोचवायचं, हीही रीत. पहिली गाठ तू सोडलीस. वासे, बांबू, झाप बैलगाड्यांवर चढले, तेव्हा कुणीतरी विचारलं, "हे कुठल्या जागेवर पोचवायचं?"

"फुलपाड्याला," तू म्हणालीस. "जागा कुठली ते रीतीत सांगितलेलं नाही."

माणसं हसली. हसली म्हणजे अर्धं काम झालं, हे तुला बरोबर कळायचं. थोडे कुरकुरले, पण गाड्या निघाल्या, आणि एकदा तिथे पोचल्यावर मांडव बांधायची सवय असलेले हात खाली कसे राहणार? दिवस मावळायच्या आत उतारावर छपरं उभी राहिली. आमच्या आळीचे पुरुष परत आले तेव्हा लग्नाहून आल्यासारखे बोलत होते.

मी मात्र तेव्हा मेढ शोधत होते.

आमच्या घरची रीत तुला माहीत होती. लेकीच्या मांडवाची मेढ आम्ही टाकत नाही. गोठ्यात आढ्याला बांधून ठेवतो, आणि ती पहिल्या बाळंतपणाला आली की तिच्या खोलीच्या दाराशी उभी करतो. माझी माझ्या आईने केली होती, तिची तिच्या आईने. मी गोठा पाहिला, विहीर पाहिली, माडांच्या बुंध्यांशी पाहिलं. मेढ नव्हती. तिचा टाळा केव्हाच वाळून गळला होता, पिवळं फडकं पोरांनी काढून घेतलं होतं, हळद झोळीच्या गाठीखाली झिजली होती. बघणाऱ्याला तो एक साधा वासा दिसला असणार. ती गाड्यांवर गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी फुलपाड्याला आले. आठवतं? ताराच्या झोपडीत मध्यभागी, सगळं छप्पर डोक्यावर घेऊन आमची भेंडीची मेढ उभी होती, आणि तिला तीच झोळी. मी तुला म्हटलं, "काढ ती." तू म्हणालीस, "काढली तर छप्पर खाली येईल. पाऊस संपू दे." मी विचारलं, "तू पाहिलं होतंस का तिला गाडीवर चढताना?" तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "गाडीवर पुष्कळ वासे होते, सुमन."

पावसाळा संपला. मेढ काही आली नाही. एक दुसरा वासा घालू म्हणून हे बघायला गेले, तर त्या छपराला आणखी एक छपराचं पाखं जोडलं होतं, ताराच्या गावची कुणी बाई राहायला आली होती. हे तसेच परतले. पुन्हा रहाट जास्त वेळ फिरवला.

आणि मग शैला पहिल्या बाळंतपणाला आली. सातव्यातच सगळं आटोपलं. त्यावर मी फार लिहिणार नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तुला जे बोलले ते तिथल्या नर्सनेही ऐकलं. मेढ दाराशी असती तर, असं मी म्हणाले, आणि त्याच्या पुढेही बोलले. त्याची माफी मागायला मी आज बसलेली नाही. माझं नातवंड गेलं होतं, आणि कुणाला तरी बोलायचं होतं, आणि तू समोर होतीस. तू म्हणालीस, "मेढीनं मूल जात नाही, सुमन. पण तुला तसं वाटतंय तर मी गप्प बसते." आणि खरंच गप्प बसलीस. आत जाऊन शैलाचे पाय चेपत बसलीस. ती घरी येईपर्यंत तिथून हलली नाहीस. बाजारात तुझी जागा त्या दिवसांत दुसऱ्याच कुणी घेतली.

एका अक्षराने तरी उलट बोलायचं होतंस. तू भांडली असतीस तर माझं तेव्हाच मोकळं झालं असतं. तुझ्या त्या गप्प बसण्याचं मी इतकी वर्षं काय करायचं, ते मला कळलेलं नाही.

पुढे शैलाला मुलगा झाला, मुलगी झाली, दोन्ही वेळा दार तसंच रिकामं होतं आणि दोन्ही वेळा सगळं सुखरूप झालं. तू त्यावरूनही मला कधी टोमणा मारला नाहीस. मी मात्र मारत राहिले. काही हरवलं, गाय आटली, विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं, की मी म्हणायचे, "विचारा मार्थाला, मेढ कुठे आहे." तू म्हणायचीस, "गाडीवर पुष्कळ वासे होते." आपल्या दोघींचं ते रामराम-श्यामरामच होऊन गेलं.

पेज काही थांबली नाही. थांबायला हवी होती, असं मला वाटतं. ताराचे लोक जरा स्थिरावले, तर पुढची इमारत पुरी झाली आणि तिथली माणसं रस्त्यावर आली. त्यांचं काही होतंय तोवर तिसरी. त्या उतारावरच्या झोपड्या एकदा पाडल्या, पुन्हा बांधल्या. तुझ्या देवळातल्या मैत्रिणी एकेक करून गळाल्या, कुणाचे गुडघे, कुणाच्या सुना. आमच्या आळीतल्या मुली नोकरीला लागल्या, रविवार त्यांना झोपायला लागतो, आणि त्यात काही गैर नाही. वाड्या विकल्या जायला लागल्या. शेवटी टोप उचलायला आपण दोघीच उरलो, आणि आपल्याला तो उचलवेना म्हणून तू त्यात निम्मीच पेज करायला लागलीस. एकदा मी तुला म्हटलं होतं, "किती वर्षं करायचं हे? भूक काही संपत नाही." तू डाव हातात धरून जरा विचार केलास. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. तू म्हणालीस, "आंघोळ तरी कुठे संपते?"

त्या उत्तराने माझं समाधान झालं नव्हतं. अजूनही झालेलं नाही.

तू गेलीस त्या आठवड्यातल्या रविवारी मी एकटीने पेज नेली, परत आले, तुझ्या खाटेशी बसले. तुझे डोळे मिटलेले होते. मला वाटलं तुला आता काही कळत नाही, म्हणून मी तुझा हात धरून जरा रडून घेणार होते. तेवढ्यात तू म्हणालीस, "टोप घासलास का?" मी उठून टोप घासायला गेले. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. माणसं सांगतात, शेवटच्या क्षणी कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी आशीर्वाद दिला. मला टोप घासायला लावलंस.

आता जे आज दुपारी झालं ते तुला सांगते, कारण त्यासाठीच लिहायला बसले.

मिस्सा संपून तुझ्या अंगणात चहा चालू होता. शैलाही आली होती. फाटकाशी हातगाडी थांबली. तारा उतारावरून एवढ्या लांब ती ढकलत आली होती, सोबत ती झोळीतली पोर, आता शाळेच्या दोन वेण्या घातलेली. गाडीवर जुन्या साडीत गुंडाळलेला एक वासा. तारा तुझ्या भावाशी बोलली, मग सरळ माझ्याकडे आली.

"आई, तुमची मेढ आनली," म्हणाली. "आता भिती विटंच्या घातल्या, वर पत्रा हाय. आता हिचं काम न्हाई ऱ्हायलं."

मी वाशावरची साडी सोडली. खालचा हातभर भाग वाळवीने खाल्ला होता, त्याला डांबर फासलेलं. मधे झोळीच्या गाठींनी लाकडाला गुळगुळीत चर पडलेला. आणि वर, जिथे आम्ही हळद ओढली होती, तिथे हळद होती. ताजी. मी ताराकडे पाहिलं.

"दर वरसाला लावतो वैशाखात," ती म्हणाली. "मार्थाबायनी सांगितलं व्हतं."

"कधी सांगितलं होतं?"

"गाडीत घातली तवाच की. ह्ये झोळीचं लाकूड मीच उचललं, मला काय ठावं? मार्थाबाय जवळ आल्या, म्हनल्या, तारा, ही सुमनच्या लेकीची मेढ हाय, लई मोलाची. ने, पन उसनी ने. भित झाली की त्यांची त्यांना दे, आन तवर हळद चुकवू नको."

शैला तिथेच उभी होती. तिने त्या चरावरून बोट फिरवलं, आणि ताराच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

म्हणजे तुला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांदेखत, एवढी वर्षं, तू साळसूदपणे म्हणत राहिलीस की गाडीवर पुष्कळ वासे होते. दवाखान्यात मी तुला नाही नाही ते बोलले, तेव्हाही तुला ठाऊक होतं की फुलपाड्याच्या त्या झोपडीत माझ्या लेकीच्या मेढीला वर्षावर्षाला हळद लागते आहे. एका शब्दाने सांगितलं असतंस तर. पण मग मी काय केलं असतं? मी दुसऱ्या दिवशी जाऊन मेढ उपटून आणली असती. ते तुला माझ्याहून आधी कळलं होतं. ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो, मार्था. आता मला रडू येतंय, तुला हवं तर बघ.

मी ताराला म्हटलं, ठेव तुझ्याकडेच. ती नको म्हणाली. "उसनं ठिवायचं नसतंय. आता तुमाला लागंल तसं करा." चहा न घेताच हातगाडी घेऊन गेली, तिला संध्याकाळच्या कामाला जायचं होतं.

मेढ तुझ्या ओट्याला टेकवून ठेवली आहे. शैलाचं आता तिच्यावाचून काही अडत नाही, आणि गोठा आम्ही मागल्या साली काढला. स्टेशनापलीकडची आणखी एक इमारत पुरी होत आली आहे. काल तिथली एक बाई मला विचारत होती, पुढच्या पंधरवड्यात शेड काढणार म्हणे, मग आम्ही कुठं जायचं? मी तिला सांगितलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी दमले आहे आणि तू नाहीस.

टोप घासून पालथा घातला आहे. रविवारी तुझ्या भावाच्या मुलाचा टेम्पो सांगितला आहे, बैलगाडी आता कुणाकडे नाही. पेजेबरोबर चार बांबू जातील, आमच्या माळ्यावरचे जुने वासे जातील, त्यांच्यात मेढही जाईल. कुणाच्या छपराखाली ती उभी राहते ते मी पाहीन, आणि हळदीचं त्या बाईच्या कानात सांगेन. घरी आल्यावर शैलाने किंवा आणखी कुणी विचारलंच, तर मी सांगणार आहे, गाडीवर पुष्कळ वासे होते.